खारफुटीवरच्या मुंग्या मोजायच्या, तर आधी त्या भरतीला कुठे जातात ते पाहा

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात तिवर आणि चिप्पी या खारफुटीच्या झाडांवर मुंग्यांच्या किती जाती आहेत, हा तुमचा एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. नेहमीच्या पद्धतीने जमिनीत कप पुरून सापळे लावले, ते भरतीने नेले. मग झाडांवरून हाताने मुंग्या वेचल्या, तर जेमतेम तीन जाती हाती लागल्या, आणि त्यातली एक तर घरात ओट्यावर फिरते तीच. "माझी पद्धत चुकतेय, की इथे मुंग्याच नाहीत?" असं तुम्ही विचारलं आहे.

जातींचा आकडा लहान आहे म्हणून घाबरू नका. खारफुटीत मुंग्यांच्या जाती कमीच मिळतात. कुठल्याही जंगलाची यादी काढा, तिच्यात मातीत घर करणाऱ्या मुंग्यांचा वाटा मोठा असतो. खाडीत ती मातीच दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, तेव्हा तो वाटा सुरुवातीलाच वजा झाला. येऊरच्या जंगलातली यादी समोर ठेवून खाडीची यादी तपासाल तर उगाच निराश व्हाल.

अडचण मला दुसरीकडे दिसते. तुम्ही 'झाडावर कोण दिसलं' याची नोंद करताय. आंब्याच्या किंवा सागाच्या झाडावर तेवढं चालून जातं. खारफुटीत मात्र प्रत्येक मुंगीला विचारायचा पहिला प्रश्न असा की भरती पुरी भरलेली असताना ही असते कुठे? म्हणजे तिचं घर कुठे आहे? हे न शोधता केलेली यादी तीन जातींची असो की तेरा, तिच्यावरून खाडीतल्या झाडांबद्दल काहीच म्हणता येत नाही.

या प्रश्नाची उत्तरं मुळात तीनच संभवतात. मुंगी झाडावरच, बहुधा पाण्याच्या रेषेच्या वर राहते. किंवा तिचं घर बांधावर, रस्त्याकडेला, कोरड्या जागी आहे आणि ती खाण्यापुरती झाडावर येते. किंवा घर चिखलातच आहे आणि भरती कशी सोसायची ते तिला जमलेलं आहे.

पहिल्या प्रकाराला मी सर्वात जास्त वेळ देतो. तिवराच्या बुंध्यावर कितीही वेळ डोळे लावून बसलात तरी या मुंग्या पुरेशा दिसत नाहीत, कारण त्यांची घरं वाळक्या काड्यांत असतात. करंगळीएवढी जाड, सालीचा रंग उडालेली, पण अजून झाडालाच असलेली फांदी शोधा. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढं किंवा जरा मोठं गोल भोक दिसेल. ते मुंगीने पाडलेलं नसतं. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी आत वाढून, भुंगेरा होऊन निघून गेलेली असते आणि तिने कोरलेली नळी मुंग्यांना आयती मिळते. अशी काडी पांढऱ्या ताटात धरून ब्लेडने उभी चिरली की आत तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या एकीला एक खेटून ठेवलेल्या दिसतात, त्यांच्या पलीकडे कोश, आणि नळीच्या बंद टोकाला भुशाचा आणि कीटकांच्या तुकड्यांचा कचरा. काडी उघडताच काही कामकरी मुंग्या पोटाचा बदामाच्या आकाराचा, टोकदार भाग पाठीवरून थेट डोक्याकडे वळवतात आणि टोकाशी एक बारीक पांढुरका थेंब येतो, तसं झालं तर ती क्रेमॅटोगॅस्टर. खाडीतल्या झाडांवर या वंशाची गाठ पडणारच, असं धरून चाला. वाळक्या काडीतच अगदी बारीक मोनोमोरियम मिळू शकते, आणि लांबट, मोठ्या डोळ्यांची टेट्रापोनेराही. टेट्रापोनेरांपैकी मधला भाग तांबडा आणि डोकं-पोट काळं असलेली जी जात आहे, तिला बोटांनी उचलू नका. तिचा डंख दिवसभर आठवण देतो.

काडीत राहणारी मुंगी पाण्याला कशी तोंड देते, याचं सर्वात नीट अभ्यासलेलं उदाहरण उत्तर ऑस्ट्रेलियातलं आहे. तिथल्या कॅम्पोनोटस अँडरसेनी या मुंगीची वसाहत चिप्पीच्याच एका जातीच्या पोकळ काड्यांत असते. भरतीचं पाणी काडीपर्यंत चढलं की एक मुंगी भोकाशी येऊन आपलं डोकं बुचासारखं बसवते. पाणी आत शिरत नाही, पण हवाही कोंडते, आणि आतला कार्बन डायऑक्साइड ओहोटी लागेपर्यंत वाढत राहतो. म्हणून काड्या तपासताना पाण्याच्या रेषेच्या खालच्याही घ्या. 'इथपर्यंत पाणी येतं म्हणजे इथे कोण राहणार' असं मनाशी ठरवून टाकू नका.

पानं शिवून घर करणारी लाल मुंगी, कोकणात जिला हुमला किंवा ओंबील म्हणतात ती, याच पहिल्या प्रकारातली. तिला शोधावं लागत नाही, तीच तुम्हाला शोधते. तुमच्या नोंदीसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, हुमल्यांची एकच वसाहत शेजारच्या अनेक झाडांवर घरं बांधून पसरलेली असते. दहा झाडांवर हुमले दिसले म्हणजे दहा वसाहती झाल्या, असं नाही. दोन, जिथे हुमले आहेत तिथे बाकीच्या मुंग्या कमी असतात, कारण ते त्यांना टिकू देत नाहीत. म्हणून हुमल्यांची झाडं आणि बिनहुमल्यांची झाडं वेगळी मांडा, सरासरीत मिसळू नका. थायलंडमध्ये कांदळाच्या (हेही खारफुटीतलंच) झाडांवर केलेल्या अभ्यासात हुमल्यांच्या झाडांची पानं किडींनी कमी खाल्लेली आढळली. मार्गदर्शकांनी 'मग याचा उपयोग काय' असं विचारलं, तर सांगायला हे बरं पडतं.

आता दुसरा प्रकार, पाहुण्यांचा. तुमची ओट्यावरची मुंगी यातली असण्याची शक्यता बरीच. डोकं काळपट आणि पोट फिकट, चिरडली की उग्र वास येतो, असं असेल तर ती टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम. लांब पायांची, लांब मिशांची, वेड्यासारखी इकडून तिकडे धावणारी काळी मुंगी असेल तर पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस. दोघी माणसाच्या मागोमाग जगभर पसरलेल्या आहेत, आणि खाडीला एका बाजूने मुंबई, दुसऱ्या बाजूने नवी मुंबई चिकटलेली आहे, तेव्हा त्या तिथे असण्यात नवल नाही. त्यांना यादीतून गाळू मात्र नका. बांधापासून किती आत गेल्यावर त्या दिसेनाशा होतात, हाच तुमच्या प्रकल्पातला सर्वात उपयोगी आकडा ठरू शकतो. मोठे काळे मुंगळेही बांधातल्या बिळांतून निघून झाडावरच्या पिठ्या ढेकणांकडे गोड रसासाठी येतात.

पाहुणे आत कुठवर पोचतात, ते झाडांच्या माथ्यांवर ठरतं. तिवरांची दाट रांग असेल आणि फांद्यांना फांद्या लागलेल्या असतील, तर खाली छातीभर पाणी असतानाही बांधावरची मुंगी वरच्या वर बरीच आत जाऊ शकते. तेच झाड चार हात मोकळं उभं असेल तर तिचा रस्ता फक्त ओहोटीतच उघडा. त्यामुळे प्रत्येक झाडापुढे तीन नोंदी हव्यातच: बांधापासूनचं अंतर, शेजारच्या किती झाडांना माथा लागतो, आणि बुंध्यावर पाण्याची रेष किती उंच आहे. ही रेष आखावी लागत नाही. वाळलेल्या चिखलाचा पट्टा जिथे संपतो ती नेहमीच्या भरतीची उंची, आणि त्याच्या खाली बुंध्याला चिकटलेले बार्नकल, म्हणजे कवचात राहणारे बारीक समुद्री प्राणी, दिसले तर ते खोड रोज बराच वेळ पाण्यात असतं, हे नक्की.

भरतीने आणलेल्या कचऱ्याकडेही पाहा. श्वसनमुळांत अडकलेले थर्माकोलचे तुकडे, करवंट्या, निर्माल्याच्या पिशव्या, लाकडाचे ओंडके या सगळ्यांत मुंग्या घर करू शकतात, आणि ओंडका तरंगत आला तर वसाहतही सोबत येऊ शकते. अशा घरातली मुंगी झाडावर दिसली तरी ती झाडाची नव्हे.

तिसऱ्या प्रकाराचं जगप्रसिद्ध उदाहरण पुन्हा ऑस्ट्रेलियातलंच. पॉलिरॅकिस सोकोलोव्हा ही मुंगी खारफुटीच्या चिखलात घर करते, भरतीत घर बुडालं तरी आतल्या पोकळ्यांत हवा अडकून राहते, आणि कामकरी मुंग्या पाण्याच्या पृष्ठभागावर चक्क पोहतात. आपल्याकडे असं काही आहे असं गृहीत धरू नका, पण खेकड्यांनी उपसलेल्या मातीचे उंचवटे ओहोटीत एकदा नीट पाहून घ्या.

पद्धतीकडे येतो. कप पुरायचे सोडून द्या. माझं काम एका नियमावर चालतं: तेच झाड एकदा ओहोटीत आणि एकदा भरतीत पाहायचं. ओहोटीत दिसलेली आणि भरतीत नाहीशी झालेली जात पाहुणी असण्याची शक्यता जास्त. दोन्ही वेळा दिसली, आणि झाडाचा माथा शेजाऱ्याला लागत नसेल, तर ती तिथलीच. भरतीतली फेरी होडीतून करावी लागते. तिचा एक फायदा असा की जमिनीवरून हात पोचत नाही त्या फांद्या तेव्हा डोळ्यांसमोर येतात.

वेळ ठरवायला भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक वापरा, पण कोळी लोकांचा हिशोब माहीत असलेला बरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी उधाण. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी मुंबई बंदराच्या मागाहून चढतं हेही लक्षात ठेवा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या दिवसांत वरच्या अंगाच्या तिवरांपर्यंत पाणी पोचतही नाही. त्यामुळे 'भरतीची फेरी' उधाणालाच करा, नाहीतर पाणी न लागलेल्या झाडाला तुम्ही पाण्यातलं झाड म्हणून बसाल.

प्रत्येक झाडावर मी तीन कामं करतो. आधी बुंधा आणि हाताशी येणाऱ्या फांद्या ठराविक मिनिटं निरखून हाती वेचणी. मग फांदीखाली उलटी पांढरी छत्री धरून काठीने झटके. तिवराच्या पानांच्या मागच्या बाजूच्या खवले किडींवर बसलेल्या मुंग्या अशाच मिळतात. त्यानंतर आमिष: कापसाच्या एका बोळ्यावर मधाचं पाणी, दुसऱ्यावर डब्यातला मासा, दोन्ही पाण्याच्या रेषेच्या वर सुतळीने बांधलेले. तास-पाऊण तासात पाहून काढून घ्या. मासा तिथे विसरलात तर पुढच्या वेळी मुंग्यांऐवजी उंदीर आणि कावळे येतील. गोडाकडे कोण आणि माशाकडे कोण, हे वेगवेगळं लिहा. तिवराचं पान स्वतःच मीठ बाहेर टाकतं, जिभेला लावून पाहा, कळेल. मीठ मुबलक असलेल्या अशा झाडावर मुंग्यांना कमी कशाची पडते, हा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो.

यातलं परिस्थितीवर अवलंबून काय आहे, तेही सांगतो. झाडं किती घ्यायची, हे तुम्हाला कुठल्या भागात जाऊ देतात त्यावर. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं, वाळक्या काड्या फुगून कुजतात, मुंग्यांची ये-जा बदलते. फक्त हिवाळ्यात काम केलंत तर निष्कर्षही 'हिवाळ्यात' एवढेच लिहा. तिवर आणि चिप्पी यांची तुलना करायची असेल तर दोन्ही जातींची झाडं एकाच पाणपातळीची निवडा. चिप्पी बहुधा पाण्याच्या कडेला आणि तिवर सगळीकडे, अशी मांडणी असेल तर तुम्हाला दिसलेला फरक झाडाचा की पाण्याचा, हे सांगता येणार नाही. तशी जोडी मिळत नसेल तर तुलनेचा हट्ट सोडा आणि एकट्या तिवरावर बांधाकडून पाण्याकडे काय बदलतं, ते पाहा. एम.एस्सी.ला तेवढं भरपूर आहे.

आकडेमोडीत एक पथ्य पाळा: मुंग्या मोजू नका, झाडं मोजा. आमिषावर एका घरातून तीनशे क्रेमॅटोगॅस्टर आल्या तरी ती एका वसाहतीची एक नोंद. 'इतक्यांपैकी इतक्या झाडांवर ही जात आढळली' हेच माप धरा. किती जाती निसटल्या असतील याचा अंदाज मग त्याच तक्त्यातून काढता येतो. समजा तुम्हाला ११ जाती मिळाल्या, त्यातल्या ४ फक्त एकेका झाडावर आणि २ फक्त दोन-दोन झाडांवर. चारचा वर्ग १६, त्याला दोनच्या दुपटीने म्हणजे ४ ने भागलं की ४ येतात. ते ११ मध्ये मिळवले की साधारण १५. या अंदाजाला चाओ-२ म्हणतात. एकेका झाडावरच मिळालेल्या जाती जितक्या जास्त, तितकं तुमचं काम अजून बाकी. मात्र यात पाहुण्या जाती मिसळल्या तर आकडा फुगतो, कारण पाहुणे एखाद्याच झाडावर सापडणारे असतात. म्हणून हा हिशोब 'झाडावरच्या' आणि 'सगळ्या' अशा दोन याद्यांवर वेगळा करा.

नुसत्या आकड्याला मी फार महत्त्व का देत नाही, याचं कारण १९६६-६७ मध्ये फ्लोरिडात झालेल्या प्रयोगात आहे. एडवर्ड विल्सन आणि डॅनियल सिम्बरलॉफ या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी कांदळाच्या जातकुळीतल्या झाडांची चिमुकली बेटं तंबूने झाकली, मिथाइल ब्रोमाइडची धुरी देऊन सगळे कीटक मारले आणि कोण परत येतं ते नोंदवत राहिले. वर्षभराच्या आत बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळपास पहिल्याइतकी झाली. पण आलेल्या जाती बऱ्याच अंशी निराळ्या होत्या. संख्या तीच राहून आतली माणसं बदलू शकतात, तेव्हा नावं आणि घरं लिहिणं भाग आहे.

नावं लावताना वंशापर्यंत पोचलात तरी पुरे समजा. भारतातल्या मुंग्यांची २०१६ साली प्रसिद्ध झालेली यादी ८२८ जाती-उपजातींची आणि १०० वंशांची आहे. बिंगहॅमचा १९०३ चा खंड अजून उपयोगी पडतो, पण त्यातली कितीतरी नावं बदलली आहेत. क्रेमॅटोगॅस्टरच्या जाती तर फोटोवरून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. 'क्रेमॅटोगॅस्टर १', 'क्रेमॅटोगॅस्टर २' असं लिहून नमुने जपून ठेवणं जास्त प्रामाणिक.

नमुने म्हटले की परवान्याचा विषय आलाच. हे अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त खारफुटी, आणि २०२२ पासून ठाणे खाडी रामसर यादीतही, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे अभ्यासासाठी आत जायलाही परवाना लागतो आणि आतून काहीही उचलायला वेगळी परवानगी. मुंगी लहान आहे म्हणून ती सुटत नाही, वाळकी काडीसुद्धा नाही. अर्ज वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. त्यात 'वाळक्या, मृत काड्या, झाडामागे इतक्या' असं स्पष्ट लिहा. हिरवी फांदी तोडणार नाही, हेही लिहा. परवाना येईपर्यंत बांधावरून दिसणाऱ्या झाडांवर फक्त निरीक्षण आणि फोटो यांची कामं उरकून घ्या. त्यासाठीही आधी विचारलेलं बरं.

चिखलात एकट्याने उतरू नका. वाट माहीत असलेला स्थानिक कोळी सोबत घ्या, आणि त्याची मजुरी प्रकल्पाच्या खर्चात पहिल्यापासून धरा. नोव्हेंबरपासून मेपर्यंत फ्लेमिंगो चरत असलेल्या चिखलाच्या पट्ट्याकडून होडी नेऊ नका, वळसा घ्या.

प्रत्येक कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतच टाका, कारण शाईची अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर झाडाचा क्रमांक, तारीख, तिथी, ओहोटी की भरती, पाण्याच्या रेषेपासून उंची, आणि मुंगी बुंध्यावर, पानावर, आमिषावर की काडीच्या आत मिळाली, एवढं हवं. डीएनए करायचा विचार असेल तर अल्कोहोल ९५ टक्क्यांच्या वरचं घ्या, नाहीतर ७० टक्के चालतं. पहिल्या दहा झाडांचा तक्ता तयार झाला की तो दाखवा. पुढची झाडं कुठली घ्यायची, ते त्यावरून ठरवू.